सिनेमा संपल्यावर थांबा

पुण्याला सिनेमाचं शहर म्हणतात ते उगीच नाही. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि जगभरचे सिनेमे पाहायची सवय इथल्या दोन-तीन पिढ्यांना लागली. याच शहरातल्या एका विद्यापीठात मी शिकवते आणि बरीच वर्षं आमच्याकडच्या युरोपीय चित्रपट महोत्सवाचं काम पाहते. महोत्सवाचा विषय ठरलेला असतो: आजचे सामाजिक प्रश्न. बेरोजगारी, स्थलांतर, शाळा, दवाखाना, म्हातारपण. सिनेमे निवडायचे, परवानग्या मिळवायच्या आणि खेळ संपला की मुलांशी बोलायचं, ही माझ्याकडची कामं. ती करता करता जे उमगत गेलं, ते इथे मांडते आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल, तोही तितकाच खरा.

१. प्रश्नाचं नाव घेऊन सिनेमाची ओळख करून देऊ नये.

हे मला बेल्जियमच्या दार्देन बंधूंच्या ‘टू डेज, वन नाइट’नं (२०१४) शिकवलं. सोलर पॅनेल बनवणारा एक छोटा कारखाना. नैराश्यातून सावरलेली सांड्रा कामावर परत रुजू व्हायच्या बेतात असते. तेवढ्यात तिला कळतं, की तिच्या सोळा सहकाऱ्यांपुढे मालकानं दोन पर्याय ठेवलेत: प्रत्येकाला हजार युरो बोनस, नाहीतर सांड्राची नोकरी. पहिलं मतदान तिच्याविरुद्ध गेलंय आणि सोमवारी सकाळी पुन्हा मतदान आहे, या वेळी गुप्त. मधल्या शनिवार-रविवारी ती एकेकाच्या दारात जाऊन उभी राहते. कुणाच्या घराचं काम निघालेलं असतं, कुणाला मुलांच्या शिक्षणाचा खर्च असतो. एक जण मैदानावरच रडायला लागतो, कारण त्यानं आधी तिच्याविरुद्ध मत दिलेलं असतं. ‘बेरोजगारीवरचा सिनेमा’ असं सांगून मी तो दाखवला असता, तर मुलांनी उपाययोजना सुचवल्या असत्या. काहीच न सांगता दाखवला, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुम्ही कुणाला मत दिलं असतं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. दुसरा एक जण म्हणाला, “आमच्याकडे दिवाळीचा बोनस हातात यायच्या आधीच घरात वाटून झालेला असतो.” सभागृहातला प्रत्येक जण त्या सोळा जणांत जाऊन बसला होता. सामाजिक सिनेमाकडून मी आता एवढीच अपेक्षा ठेवते, की त्यानं आपल्याला त्या मतदानाला बसवावं.

२. व्यवस्था माणसाला भेटते ती खिडकीवर.

केन लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ला (२०१६) कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सिनेमा सुरू होतो तेव्हा पडदा काळा असतो, फक्त आवाज ऐकू येतात. न्यूकॅसलचा सुतार डॅनियल हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला आहे. डॉक्टरांनी त्याला काम करायला मनाई केली आहे. आणि पलीकडची बाई छापील यादीतले प्रश्न विचारते आहे: पन्नास मीटर चालता येतं का, डोक्यावर टोपी घालायची असेल तर हात वर जातो का? तो पुन्हा पुन्हा सांगतो की त्रास हृदयाचा आहे, पण तिच्या यादीत तो प्रश्नच नसतो. पुढे त्याला सांगतात, अर्ज ऑनलाइन भरा. त्यानं आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. ‘माउस स्क्रीनवर न्या’ म्हटल्यावर तो खरोखरच माउस उचलून स्क्रीनला लावतो. या दृश्याला सभागृहात हसू येतं आणि दोन क्षणांत विरतं. नंतर मुलं बोलू लागली ती स्वतःच्या घरांबद्दल: शिष्यवृत्तीच्या अर्जात एक कागद कमी म्हणून गेलेलं वर्ष, रेशन दुकानातल्या मशीनवर न उमटणारा आजीचा अंगठा. ब्रिटनसारख्या देशात असं होतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मला नवल वाटलं ते याचं, की गरिबीवरच्या व्याख्यानानंतर गप्प बसणाऱ्या मुलांना एका अर्जाच्या गोष्टीवर इतकं बोलायचं होतं.

३. दोन देशांचे प्रश्न सारखे दिसले, तरी त्यांची मुळं तपासावीत.

क्रिस्तियन मुंजिऊ यांच्या ‘४ मन्थ्स, ३ वीक्स अँड २ डेज’चा (२००७) काळ आहे १९८७ चा रोमानिया. लोकसंख्या वाढावी म्हणून चाउशेस्कूच्या राजवटीनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली आणि ती राजवट कोसळली तेव्हाच, म्हणजे १९८९ च्या डिसेंबरमध्ये, बंदी उठली. वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी, त्यांतल्या एकीचा चोरून करायचा गर्भपात, हॉटेलातली एक खोली. मैत्रिणीला त्या खोलीत एकटी सोडून ओटिलियाला मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जावं लागतं. टेबलाभोवती दाटीवाटीनं बसलेली सुशिक्षित मंडळी खाण्यापिण्यावर, मुलांच्या शिक्षणावर गप्पा मारतात, आणि कॅमेरा ओटिलियाच्या चेहऱ्यावरून हलत नाही. चर्चेत पहिलं वाक्य आलं, “आपल्याकडेही असंच आहे.” खरं तर तसं नाही. आपल्याकडे १९७१ मध्ये गर्भपाताला कायद्यानं परवानगी मिळाली. पुढे गर्भलिंगनिदान करून मुली नाकारण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तिथे सरकारनं बाईला मूल जन्माला घालायला भाग पाडलं, इथे घरानं मुलगी पाडायला भाग पाडलं. हे दोन्ही इतिहास फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, “दोन्हीकडे निर्णय तिचा नव्हता.” हे साम्य खरं होतं. फरक मांडल्यावरच ते हाती लागलं.

४. परक्यांविषयीचा राग बहुधा सभ्य भाषेतच बोलतो.

मुंजिऊंचाच ‘आर. एम. एन.’ (२०२२) हा सिनेमा ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका गावाचा. तिथल्या बेकरीला किमान वेतनात माणसं मिळत नाहीत, कारण गावातले लोक जास्त पैशांसाठी जर्मनीसारख्या देशांत गेलेत. म्हणून बेकरी श्रीलंकेतून कामगार आणते, आणि गाव पेटून उठतं. दित्राऊ या गावात २०२० मध्ये खरंच असं घडलं होतं. सिनेमात एक ग्रामसभा आहे. सुमारे सतरा मिनिटांचं दृश्य एकाच ठिकाणी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून, मध्ये कुठेही न तोडता दाखवलेलं. ‘आमचा त्यांच्यावर वैयक्तिक राग नाही’, ‘आरोग्याचा प्रश्न आहे’, ‘पावाला त्यांचे हात लागतात’ अशा सुरात बोलणं चालतं. स्वतःच्याच गावातली मुलं परदेशात परकी म्हणून राबताहेत, हे त्या सभेत फारसं कुणाला आठवत नाही. महाराष्ट्रात परप्रांतीयांचा वाद ऐकत मोठ्या झालेल्या मुलांना यातला सूर ओळखीचा वाटला. आखाती देशांत नोकरीला असलेल्या वडिलांचा एक मुलगा शेवटी म्हणाला, “माझे वडील तिथे त्या श्रीलंकन कामगारांच्या जागी आहेत आणि मी इथे त्या सभेत बसलोय.” त्यावर आणखी काही बोलायची गरज उरली नाही. स्थलांतरावर मी वर्गात पुष्कळ शिकवलं आहे. एवढं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

५. अर्थ सांगायची घाई करू नये.

जानफ्रांको रोझी यांचा ‘फायर ॲट सी’ हा माहितीपट २०१६ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला. लाम्पेदूसा हे बेट इटलीचं, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. ऑक्टोबर २०१३ मध्ये याच बेटाजवळ एक नाव बुडून साडेतीनशेहून जास्त स्थलांतरित मरण पावले. इतकं सगळं घडत असताना रोझी आपल्याला बराच वेळ दाखवतात तो सॅम्युएले नावाचा बेटावरचा शाळकरी मुलगा: गलोल बनवणारा, समुद्रात मळमळणारा. निवेदन नाही. नावेतून आलेली माणसं आणि हा मुलगा कधी भेटतही नाहीत. दोन्हीकडे वावरतात ते फक्त बेटावरचे डॉक्टर पिएत्रो बार्तोलो. सॅम्युएलेचा एक डोळा आळशी आहे. त्यानं काम करावं म्हणून धडधाकट डोळ्यावर पट्टी बांधतात. काही मुलं अर्ध्यातून उठून जातात, काही शेवटी विचारतात, “या मुलाचं इतकं कशाला दाखवलं?” उत्तर माझ्या ओठांवर असतं, पण मी ते गिळते. थोडं थांबलं की कुणीतरी मागून बोलतंच: आपला कोणता डोळा आळशी आहे, याबद्दल. त्या बोलण्याला जो कस असतो, तो माझ्या विवेचनाला येत नाही. गप्प राहणं हे शिकवण्यातलं सर्वांत अवघड काम आहे, असं आता माझं मत झालं आहे.

६. शाळेवरचा सिनेमा आधी शिक्षकांनी पाहावा.

लोराँ काँते यांच्या ‘द क्लास’मध्ये (२००८) पॅरिसमधल्या एका शाळेतला वर्ग आहे. शिक्षकाची भूमिका केली आहे फ्रांस्वा बेगोदो यांनी. ते स्वतः शिक्षक होते आणि त्यांच्याच पुस्तकावरून हा सिनेमा निघाला. मुलंही तिथल्याच शाळेतली खरी मुलं. सुलेमान या मुलाचं कुटुंब मालीहून आलेलं आहे. वर्गातल्या एका प्रसंगावरून त्याला शाळेतून काढायचं की नाही, हे ठरवायला शिस्तपालन समिती बसते. त्याच्या आईला फ्रेंच येत नाही. समिती त्याच्याविरुद्ध बोलते, ते सुलेमानच आईला तिच्या भाषेत सांगतो. आई सांगते, माझा मुलगा चांगला आहे, घरात मदत करतो. तेही तोच समितीला फ्रेंचमध्ये सांगतो. सगळं नियमानुसार चालतं आणि मुलगा शाळेबाहेर जातो. हे दृश्य पाहिल्यापासून प्रवेशाच्या दिवसांत विभागाच्या दाराबाहेर उभे असलेले पालक माझ्या नजरेतून सुटत नाहीत. घरातलं पहिलं मूल विद्यापीठात आलेलं असतं. फॉर्म इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, आणि आईवडिलांच्या वतीनं सगळं बोलतं ते अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. त्यांना आत बोलावून, खुर्ची देऊन, मराठीत बोलायला फार वेळ लागत नाही. आमच्यातल्या अनेकांनी ते सुरू केलं आहे. एका सिनेमामुळे एवढं होऊ शकतं.

७. महोत्सव उभा राहतो तो न दिसणाऱ्या कामांवर.

घरी ओटीटीवर दिसणारा सिनेमा सभागृहात दाखवता येत नाही. जाहीर खेळाचे हक्क वेगळे मागावे लागतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी सिनेमांसाठी माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. प्रत्येक सिनेमाचा सारांश, देश, वर्ष असं सगळं वेळेत पाठवायचं. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आणि आलियाँस फ्राँसेजसारख्या संस्था असल्यामुळे कुणाकडे विचारायचं, याचा पत्ता तरी इथल्या लोकांना सापडतो. पण सर्वांत मोलाचं ठरलं ते वेगळंच काम. इंग्रजी सबटायटल्सचा वेग मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना झेपत नाही आणि लाजेपायी ती तसं बोलत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक सिनेमाआधी अर्ध्या पानाचं मराठी टिपण वाटू लागलो: गोष्ट कुठे घडते, कोणत्या काळात, कुणाचं कोण लागतं, आणि जाणून असावा असा एखादा कायदा किंवा घटना. शेवट सांगायचा नाही, मत द्यायचं नाही. या अर्ध्या पानामुळे मागच्या रांगांमधून हात वर येऊ लागले. खर्च झेरॉक्सचा. मिळालं ते मात्र कुठल्याही भारी प्रोजेक्टरनं दिलं नसतं.

८. सभागृह फक्त मुलांचं नसावं.

मिशाएल हानेके यांच्या ‘आमूर’च्या (२०१२) खेळाला आसपासच्या सोसायट्यांमधले ज्येष्ठ नागरिक आले. पॅरिसच्या एका फ्लॅटमधलं ऐंशी ओलांडलेलं जोडपं, दोघंही संगीताचे शिक्षक. बायकोला पक्षाघात होतो आणि नवरा घरीच तिची शुश्रूषा करतो. परदेशात राहणारी मुलगी मधूनमधून येते, काळजी करते, सल्ला देते आणि जाते. पुण्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कितीतरी घरांत मुलं अमेरिकेत आणि आईवडील तिसऱ्या मजल्यावर असतात. चर्चेत मुलं इच्छामरणावर तावातावानं बोलत होती. एक काका शांतपणे म्हणाले, “ते नंतरचं. आधी रात्री तीन वाजता तिला कूस कोण बदलून देणार, ते बोला.” सगळा रोख बदलला. मग बोलणं झालं ते घरी येणाऱ्या मावशींच्या पगाराचं, दिवसपाळी-रात्रपाळीचं, त्या मावशी म्हाताऱ्या झाल्यावर त्यांना कोण बघणार याचं. विद्यापीठाचं दार गावाला उघडं असेल, तरच चर्चेला जमीन मिळते.

९. स्वतःवर टीका करणाऱ्या सिनेमाला समाजाला पैसा द्यावा लागतो.

सरकारी यंत्रणेची इतकी परखड झाडाझडती घेणाऱ्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि बीबीसी फिल्म्सचं, म्हणजे सार्वजनिक पैशाचं पाठबळ होतं. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटातला काही वाटा सीएनसी या सरकारी संस्थेकडे जातो आणि तिथून पुन्हा सिनेमाकडे येतो. हॉलिवूडपटाच्या तिकिटातूनही. दुसरीकडे, आपल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला (२०१४) सुरुवातीच्या टप्प्यावर मदत मिळाली ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाकडून. एका लोकशाहिराचा आणि गटारात मेलेल्या सफाई कामगाराचा तो खटला पुढे व्हेनिसला गौरवला गेला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. युरोपीय सिनेमांच्या शेजारी तो लावला, तेव्हा मुलांच्या लक्षात आलं, की न्यूकॅसलची खिडकी, पॅरिसची समिती आणि मुंबईचं न्यायालय एकाच जातकुळीची आहेत. ही देवाणघेवाण जुनी आहे. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. तो पाहून भारावलेल्या बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ दिला. दाखवलेला सिनेमा कुठे जाऊन रुजेल, हे दाखवणाऱ्याला ठरवता येत नाही. दाखवत राहणं तेवढं आपल्या हातात.

१०. चर्चा हा महोत्सवाचा गाभा आहे, पुरवणी नव्हे.

वेळापत्रक कोलमडलं की पहिली कात्री चर्चेला लागते. आभारप्रदर्शन मात्र पूर्ण होतं. मला हे मान्य नाही. दिवसाला चार सिनेमे दाखवण्यापेक्षा दोन दाखवावेत आणि प्रत्येकामागे तासभर मोकळा ठेवावा. मंचावर पाहुण्यांची रांग नको. पहिला माइक शेवटच्या रांगेत जावा, आणि प्राध्यापकांनी सगळ्यात शेवटी बोलावं. सांड्राला मत देणं, रात्री तीनला कूस बदलणं, वडील तिथे आणि मी इथे, हे सगळं त्या तासात ऐकलेलं आहे. एकट्यानं मोबाइलवर सिनेमा पाहून ते मिळत नाही, कारण तिथे शेजारी वेगळ्या घरातून आलेला माणूस नसतो.

तुम्ही तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवत असाल, तर मोठ्या महोत्सवाची वाट पाहू नका. रीतसर परवानगीचा एक सिनेमा, अर्ध्या पानाचं मराठी टिपण आणि एक मोकळा तास, एवढ्यावर सुरुवात होते. आणि तुम्ही प्रेक्षक असाल, तर शेवटची नामावली सुरू झाली की उठू नका. थांबा, आणि शेजारच्या माणसाचं म्हणणं ऐकून मगच घरी जा.